तबकडीत मावलेलं सभागृह

१६ जानेवारी १९३८ रोजी व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन या सोनेरी सभागृहात ब्रूनो वॉल्टर यांनी गुस्टाव माहलरची नववी सिंफनी सादर केली. १९१२ साली ही सिंफनी पहिल्यांदा लोकांपुढे आली, तेव्हाही समोर हाच वाद्यवृंद होता, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, आणि संचालन वॉल्टर यांचंच होतं. या वेळी मात्र सभागृहात एचएमव्ही कंपनीचे माइक लागले होते. रेकॉर्ड मेणाच्या तबकडीवर कापली जायची आणि तिच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटांपेक्षा जास्त संगीत मावत नसे. स्टुडिओत याचा फारसा त्रास नव्हता. वाद्यवृंद चार मिनिटं वाजवायचा, थांबायचा, नवी तबकडी चढली की पुढे निघायचा. इथे भरलेलं सभागृह समोर होतं आणि कोणीही थांबणार नव्हतं. एका यंत्रावरची तबकडी भरत आली की दुसऱ्या यंत्राची सुई टेकवायची, असं करत सुमारे सत्तर मिनिटांची सिंफनी वीस बाजूंवर उतरली. बाजारात आली ती दहा तबकड्यांची जड पेटी.

दोनच महिन्यांनी हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. वॉल्टर यांना देश कायमचा सोडावा लागला, आणि त्या दिवशी पहिल्या व्हायोलिनवर बसलेले वयोवृद्ध आर्नोल्ट रोझे यांना लंडनचा आसरा घ्यावा लागला. त्या सभागृहातलं ते जग संपलं. तबकड्या राहिल्या.

या मुद्रणामागे उभा असलेला माणूस भारतालाही परका नाही. फ्रेड गेसबर्ग. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज तबकडीवर उतरवला तो त्यांनीच. गौहर जान यांच्या वाट्याला तीन मिनिटं आली होती, माहलरच्या वाट्याला तशाच वीस तुकड्यांची माळ.

ध्वनिमुद्रिकांच्या दर्जाची चर्चा निघाली की लोक लगेच आकड्यांकडे वळतात. किती किलोहर्ट्‌झ, किती बिट, किती डेसिबल. आकडे महत्त्वाचेच आहेत. पण प्रत्यक्ष मैफलीच्या मुद्रणाला तबकडीकडून तीन गोष्टी हव्या असतात. संगीत मध्ये न तुटता चालायला हवं. हलक्यात हलका सूर खरखरीत बुडायला नको आणि त्याच वेळी सर्वांत मोठा आघात फाटायलाही नको. आणि वाद्यांबरोबर ते सभागृह, त्यात बसलेली माणसं, भिंतींवरून परतणारा नाद हेही ऐकू यायला हवं. गेल्या शतकभरात आलेली प्रत्येक तबकडी या तीन कसोट्यांवर घासून पाहिली, की कोणती कुठे कमी पडली ते चटकन कळतं. आणि तबकडीचा दोष नसतानाही तिच्या माथी तो किती वेळा मारला गेला, तेही.

लाखेची ७८ फेऱ्यांची तबकडी पहिल्याच कसोटीत नापास होते. दुसरीतही ती लंगडते, कारण लाखेतल्या खनिज भुकटीमुळे सुई सतत खरखरत राहते आणि संगीतातल्या सर्वांत हलक्या नि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर जेमतेम चाळीस डेसिबलच्या आसपास हाती लागतं. तरीही तिसऱ्या कसोटीत १९३८ची ती पेटी चकित करते. पुढे या मुद्रणाच्या अनेक एलपी आणि सीडी निघाल्या. ज्या तंत्रज्ञांनी खरखर पार घासून काढली, त्यांच्या आवृत्त्यांत खरखरीबरोबर सभागृहही गेलं. ज्यांनी थोडी खरखर राहू दिली, त्यांच्या आवृत्त्यांत खोकले ऐकू येतात, खुर्च्या करकरतात आणि तंतुवाद्यांभोवती मोकळी हवा जाणवते. गोंगाट आणि हवा एकाच थरात मिसळलेले असतात. एक खरवडला की दुसराही निघतो.

जून १९४८ मध्ये कोलंबियाने एलपी आणली आणि पहिल्या कसोटीचं चित्र पालटलं. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या, बारीक चरी, लाखेऐवजी व्हिनाइल, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. हिंदुस्थानी संगीताला याचं मोल वेगळं सांगायला नको. अली अकबर खाँ यांची अमेरिकेत मुद्रित झालेली एलपी १९५५ मध्ये आली. परिचय करून दिला होता यहुदी मेन्युहिन यांनी. एका बाजूला एकच राग, आलापापासून द्रुतापर्यंत. त्याआधीच्या पन्नास वर्षांत आपल्या गवयांना तीन मिनिटांत राग आवरता घ्यावा लागत होता. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची जी भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच आहे. व्हॉयेजरची ती सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी या चर्चेत अगदी चपखल बसते. दीड तासाचं संगीत त्यात मावावं म्हणून तिची गती एलपीच्या निम्मी, म्हणजे मिनिटाला १६ आणि दोन तृतीयांश फेऱ्या, ठेवावी लागली. चरीच्या तबकडीत वेळ वाढवायचा तर दर्जातून काहीतरी द्यावं लागतं. अंतराळात जाणारी तबकडीही त्याला अपवाद नव्हती.

हा सौदा एलपीच्या प्रत्येक बाजूवर चालू असतो. तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

एलपी एकाच गतीने फिरते, पण सुईखालून सरकणाऱ्या चरीचा वेग एकसारखा नसतो. काठाजवळ सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर चरी सुईखालून जाते. आत लेबलाजवळ पोचेपर्यंत हा आकडा २१ सेंटिमीटरवर येतो. दहा हजार कंपनांचा एखादा तार सूर घेतला, तर काठाजवळ त्याच्या एका लहरीला ५१ मायक्रॉन जागा मिळते, आणि आतल्या टोकाला फक्त २१ मायक्रॉन. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्याच अठरा मायक्रॉनच्या आसपास असते. इतक्या दाटीत ती प्रत्येक वळणाचा माग ठेवू शकत नाही. झांजा चुरचुरतात, गायकाचा ‘स’ शिट्टीसारखा होतो, सतारीच्या तारेची धार जाते.

मैफलीच्या संगीताचा स्वभाव नेमका याच्या उलट आहे. सिंफनी शेवटाकडे चढत जाते. आपल्याकडे विलंबितातून द्रुतात, झाल्यात, तराण्यात शिरताना गती आणि आवाज दोन्ही वाढतात. म्हणजे जिथे संगीताला सर्वांत जास्त जागा हवी, तिथेच एलपीकडे ती सर्वांत कमी उरते. ही अडचण इतकी पक्की आहे, की जर्मनीच्या टासेट कंपनीने रावेलच्या ‘बोलेरो’ची एक एलपी चक्क आतून बाहेर वाजेल अशी कापली. ‘बोलेरो’ अगदी हलक्या ढोलाने सुरू होतो आणि प्रचंड कल्लोळात संपतो. तो कल्लोळ काठाजवळ यावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

बाजूची लांबी हा दुसरा पेच. मोठ्या आवाजाची चरी रुंद वळसे घेते, म्हणजे जागा खाते. बाजू लांबवायची तर आवाज उतरवून कापावी लागते. आवाज उतरला की तबकडीची मूळ खरखर संगीताच्या जवळ सरकते. चांगल्या एलपीत हलक्या-मोठ्या आवाजातलं अंतर साधारण साठ ते सत्तर डेसिबल भरतं, पण ते बाजू लहान असताना आणि तबकडी निगुतीने सांभाळली असेल तेव्हा.

पियानोवादक कीथ जॅरेट यांचा ‘द कल्न कॉन्सर्ट’ यासाठी मुद्दाम काढून ऐकावा असा आहे. २४ जानेवारी १९७५, जर्मनीतल्या कलोनचं ऑपेरा हाउस, रात्री साडेअकराच्या सुमाराची वेळ. ठरवलेला मोठा पियानो मंचावर आलाच नाही. समोर होता तालमीचा छोटा, बेसूर बोझेनडॉर्फर. त्याच्या वरच्या पट्ट्या पत्र्यासारख्या वाजत होत्या आणि पेडल नीट चालत नव्हते. जॅरेट यांनी मधल्या सप्तकात ठाण मांडलं, डाव्या हाताने एकेक आवर्तन घुमवत ठेवलं, आणि तासाभरात जे उभं राहिलं ते एकल पियानोच्या सर्वांत जास्त खपलेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक ठरलं. मुद्रक मार्टिन वीलांट यांची सामग्री होती दोन नॉयमन माइक आणि टेलिफुंकनचं एक फिरतं टेपयंत्र.

एलपीवर ही मैफल चार बाजूंवर पसरली आहे. पहिला भाग सुमारे सव्वीस मिनिटांचा, एका बाजूसाठी बराच लांब. दुसरा भाग मंचावर सलग वाजला होता, पण तबकडीसाठी तो ‘दोन-अ’ आणि ‘दोन-ब’ असा मध्ये कापला गेला. ‘दोन-क’ ही शेवटची छोटी रचना चौथ्या बाजूवर एकटीच आहे. सीडीवर सगळं मिळून सदुसष्ट मिनिटांच्या आत, एकाच तबकडीत येतं. सुरुवातीच्या काही क्षणांतच प्रेक्षकांमधून हलकं हसू ऐकू येतं. ऑपेरा हाउसमध्ये कार्यक्रमाआधी वाजणारी घंटेची धून जॅरेट यांनी पहिल्याच सुरांत उचलली होती, आणि रोज ती घंटा ऐकणाऱ्यांनी ती ओळखली. वापरून झिजलेल्या एलपीवर हे हसू खरखरीत विरून जातं. सीडीवर ते तिथेच असतं. मैफलीचं मुद्रण ऐकायचं ते अशाच गोष्टींसाठी, आणि या बाबतीत सीडी एलपीच्या पुढे आहे.

एलपीचे चाहते हे मान्य करायला खळखळ करतात. एलपीवर पियानो अधिक ‘गरम’ वाटतो, असं ते म्हणतात, आणि त्यांना जे ऐकू येतं ते खोटं नसतं. चरीतून सुईमार्गे येणाऱ्या आवाजात काही सम संवादी सूर मिसळतात, खालचे सूर दोन्ही बाजूंना सारखे वाटलेले असतात, अतितार टोक थोडं मऊ झालेलं असतं. कानाला हे सुखद लागतं. मात्र सभागृहात ते नव्हतं. तबकडीने ते आपल्या पदरचं घातलेलं आहे.

सीडीच्या जन्मकथेतही एक मैफल आहे. २९ जुलै १९५१ रोजी युद्धानंतर पहिल्यांदा बायरॉइटचा संगीतमहोत्सव भरला आणि विल्हेल्म फुर्टवेंगलर यांनी बेथोव्हनची नववी सिंफनी वाजवून घेतली. ते मुद्रण साधारण चौऱ्याहत्तर मिनिटांचं आहे. सोनी आणि फिलिप्स सीडीचा आकार ठरवत होते तेव्हा फिलिप्सला साडेअकरा सेंटिमीटरची तबकडी हवी होती. सोनीने बारा सेंटिमीटर आणि चौऱ्याहत्तर मिनिटांचा आग्रह धरला, तो हे मुद्रण एका तबकडीत मावावं म्हणून, अशी गोष्ट जगभर सांगितली जाते. फिलिप्समध्ये या कामावर असलेले अभियंते केस इमिंक यांनी ती खोडून काढली आहे. फिलिप्सच्या बाजूच्या पॉलिग्रामकडे साडेअकरा सेंटिमीटरच्या तबकड्या काढायची तयारी झाली होती आणि ती आघाडी सोनीला मोडायची होती, असं त्यांचं म्हणणं. शिवाय सुरुवातीला सीडीचं मास्टर, म्हणजे प्रती काढण्यासाठीचं मूळ मुद्रण, ज्या व्हिडिओ फितीवर भरलं जायचं, तिच्यावर बहात्तर मिनिटांच्या आसपासच जागा होती. इमिंक यांचं म्हणणं जास्त पटतं. पण एका सलग सिंफनीला एक तबकडी मिळावी ही तहान खरी होती, म्हणून तर ती गोष्ट इतकी पसरली.

ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये सीडी विक्रीला आली. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. प्रत्येक बिटमागे सहा डेसिबल धरले तर शहाण्णव डेसिबल होतात. आता हा आकडा खऱ्या मैफलीशेजारी ठेवून पाहू. प्रेक्षकांनी भरलेलं उत्तम सभागृहही पूर्ण निःशब्द नसतं. श्वास, कपड्यांची सळसळ, हवा खेळवणारी यंत्रणा मिळून तीस डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. पूर्ण वाद्यवृंदाचा सर्वांत मोठा कल्लोळ एकशे पाच-एकशे दहाच्या घरात जातो. अंतर पंचाहत्तर ते ऐंशी डेसिबल. सीडीत ते मावतं आणि वर जागा उरते. बावीस हजार कंपनांपर्यंतचे सूर ती टिपते, आणि प्रौढ माणसाचा कान वीस हजारांच्या पलीकडे जात नाही. नमुने घेतल्यामुळे लहरीच्या पायऱ्या होतात आणि आवाज तुटक येतो, ही समजूत चुकीची आहे. मर्यादेच्या आतली लहर त्या नमुन्यांतून पुन्हा अखंड उभी राहते.

मग सुरुवातीच्या कितीतरी सीडी कर्कश का वाटल्या? बऱ्याचदा एलपी कापण्यासाठी तयार केलेलं मास्टर जसंच्या तसं सीडीवर चढवलं गेलं. एलपीच्या उणिवा भरून काढण्यासाठी त्यात तार सूर उचललेले असत. सीडीला त्याची गरज नव्हती, त्यामुळे ते टोचू लागले. आवाजाचे आकडे करणारी त्या काळची यंत्रंही आजच्याइतकी बारकाईने काम करत नसत. दोष तबकडीच्या रचनेत नव्हता, तिच्यात जे ओतलं त्यात होता. याला दुसऱ्या बाजूनेही पुरावा आहे. १ जानेवारी १९७९ रोजी डेका कंपनीने व्हिएन्नाचा नववर्ष संगीतसोहळा डिजिटल यंत्रावर मुद्रित केला. संचालक विली बोस्कोव्स्की, सभागृह तेच म्युझिकफेराइन. ही डेकाची पहिली डिजिटल ध्वनिमुद्रिका आणि ती निघाली एलपीवर, कारण सीडी बाजारात यायला अजून तीन वर्षं होती. त्या एलपीच्या आवाजाचं तेव्हा कौतुकच झालं.

वेळेच्या कसोटीवर सीडीने किती देऊ केलं, ते रॉकच्या एका मैफलीवरून दिसतं. ‘द हू’ या बँडने १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात कार्यक्रम केला. एलपीवर त्यातली फक्त सहा गाणी आली. सदोष तारांमुळे मुद्रणात बारीक कडकड उतरली होती, आणि ती दुरुस्त करू नका अशी सूचना लेबलावरच छापली होती. १९९५च्या सीडीवर चौदा गाणी आली आणि ती कडकड संगणकाच्या मदतीने काढून टाकली गेली. २००१च्या दोन सीडींच्या संचात ‘टॉमी’ ही गीतमालिकाही आल्यावर त्या रात्रीचा जवळजवळ पूर्ण कार्यक्रम हाती आला. एलपीवर ऐकलेला अडतीस मिनिटांचा दणका आणि दोन तासांची ती रात्र, यांतून दोन वेगळेच बँड समोर येतात.

आपल्याकडे तर सीडीने मैफल पहिल्यांदा मैफलीसारखी घरी आणली. पाऊण तासाचा बडा ख्याल आणि त्याला जोडून छोटा ख्याल, मध्ये तबकडी उलटायला न उठता, हे एलपीवर शक्यच नव्हतं. कॅसेटवर फीत सरसरत राहायची आणि तानपुऱ्याची जवारी त्या सरसरीत मिसळून जायची. हिंदुस्थानी मैफलीच्या मुद्रणाचा दर्जा पारखायला तानपुऱ्याइतकं चांगलं साधन नाही. गवई दोन ओळींमध्ये थांबतो तेव्हा मागे तानपुऱ्याचा षड्ज उमलतो का, त्यातून गंधार फुटलेला ऐकू येतो का, की नुसता एकसुरी गुंजारव राहतो, एवढं ऐकलं तरी पुरे. सीडी हे सगळं सांभाळू शकते. ते ऐकू येत नसेल तर शंका घ्यावी मुद्रणाबद्दल. आपल्याकडच्या कित्येक मैफली ध्वनिक्षेपणाच्या मिक्सरवरून एक लाइन घेऊन मुद्रित होतात. त्यात गवयाचा आवाज नाकाशी धरलेल्या माइकमधून येतो, तानपुरा कुठेतरी दूर राहतो, आणि रसिकांची दाद दुसऱ्या खोलीतून आल्यासारखी वाटते. सभागृहात वेगळे दोन माइक लावून ते त्या लाइनमध्ये मिसळले, तर त्याच सीडीवर वेगळीच मैफल ऐकू येते.

याच गोल तबकडीवर एमपीथ्री भरून विकण्याची पद्धत मध्यंतरी आपल्याकडे फोफावली. शंभर गाणी, एक तबकडी, किंमत नगण्य. दिसायला तबकडी तीच, आत मात्र सेकंदाला १४११ किलोबिटच्या जागी अनेकदा १२८. कानाला जे जाणवणार नाही ते गाळायचं, हे या पद्धतीचं तत्त्व. एकट्या बासरीवर ते बऱ्यापैकी चालतं. टाळ्यांवर ते उघडं पडतं. शेकडो हातांचे क्षणाक्षणाला वेगळे, विखुरलेले आघात दाबून बसवणं या तंत्राला सर्वांत जड जातं, म्हणून अशी तंत्रं तपासताना टाळ्यांचा नमुना हमखास वापरतात. कमी दराच्या एमपीथ्रीत टाळ्या कढईत काहीतरी तळल्यासारख्या येतात. ज्या मुद्रणात माणसांची उपस्थिती हाच अर्धा आनंद, त्याच्यासाठी ही तबकडी सर्वांत वाईट.

१९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्सने सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे एसएसीडी, आणली आणि पाठोपाठ डीव्हीडी-ऑडिओ आली. डीव्हीडी-ऑडिओने सीडीचीच रीत पुढे नेली, २४ बिट आणि सेकंदाला १,९२,००० नमुन्यांपर्यंत. एसएसीडीने रीतच बदलली. नमुन्याला फक्त एक बिट, पण सेकंदाला अठ्ठावीस लाखांहून अधिक वेळा. बहुतेक एसएसीडी दुहेरी असतात. प्रकाश अर्ध्याहून जास्त आरपार जाऊ देणारा एक थर तबकडीच्या मध्यावर असतो आणि नेहमीच्या सीडीचा थर त्यापलीकडे, अगदी लेबलाखाली. साधा प्लेअर ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त किरणाने मधला थर ओलांडून सीडी वाचतो. एसएसीडी प्लेअर ६५० नॅनोमीटरच्या लाल किरणाने मधलाच थर वाचतो. घरी साध्या प्लेअरवर अशी तबकडी लावणारा माणूस सीडीच ऐकत असतो, वेष्टणावर काहीही छापलेलं असलं तरी.

या वाढीव आकड्यांचा कानाला फायदा होतो का? बोस्टनच्या ई. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये याची तपासणी प्रसिद्ध केली. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा आवाज एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जाच्या गाळणीतून ऐकवायचा, कोणता कोणता ते सांगायचं नाही. ५५४ वेळांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आलं, म्हणजे नाणं उडवून आलं असतं तेवढंच. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अशा अठरा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, बारा हजारांहून अधिक चाचण्यांचा. त्यात बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. फरक आहे, पण केसाएवढा. मायर आणि मोरन यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती. या महागड्या तबकड्यांपैकी बऱ्याच खरोखरच सुंदर वाजत होत्या, कारण त्या जाणत्या श्रोत्यांसाठी होत्या आणि त्यांचं मास्टरिंग काळजीने, आवाज न दाबता केलेलं होतं. तेच मास्टर सीडीवर घातलं असतं तर सीडीही तशीच वाजली असती.

एसएसीडीची खरी देणगी दुसरीच आहे, आणि मैफलीच्या मुद्रणाला ती फार मोलाची आहे. म्युझिकफेराइनमध्ये एक आघात झाला की भरलेल्या सभागृहातही त्याचा नाद सुमारे दोन सेकंद भिंतींमधून फिरत राहतो. तो बाजूंनी येतो, मागून येतो. दोन स्पीकर तो सगळा समोरूनच ऐकवतात. एसएसीडीवर पाच-सहा वेगळे प्रवाह असतात, त्यामुळे समोर वाद्यवृंद आणि मागे सभागृह अशी वाटणी करता येते. मायकेल टिल्सन थॉमस आणि सॅन फ्रान्सिस्को सिंफनी यांनी माहलरच्या सहाव्या सिंफनीने आपली एसएसीडी मालिका सुरू केली. तिचं मुद्रण १२ ते १५ सप्टेंबर २००१ या दिवसांतल्या कार्यक्रमांत झालं. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीपासून. या सिंफनीच्या शेवटच्या भागात एक प्रचंड लाकडी हातोडा मंचावर आदळतो. दोन स्पीकरांवर तो दणका समोरून येऊन थांबतो. पाच स्पीकरांवर तो सभागृहभर पसरत, श्रोत्याला ओलांडून मागे जातो. या ध्वनिमुद्रिकेला २००३ मध्ये वाद्यवृंदासाठीचं ग्रॅमी मिळालं. घरी पाच स्पीकर नीट मांडलेले नसतील, तर मात्र एसएसीडीसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

चित्रासह मैफल हवी असेल तर डीव्हीडी आणि ब्लू-रे. डीव्हीडीवर बहुधा आवाजाचे दोन पर्याय असतात. पाच स्पीकरांचा डॉल्बी डिजिटल, जो सेकंदाला ४४८ किलोबिटच्या आसपास दाबलेला असतो, आणि दोन स्पीकरांचा न दाबलेला पीसीएम. मेन्यूत जाऊन दुसरा निवडायचं बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ईगल्स या बँडच्या १९९४च्या ‘हेल फ्रीझेस ओव्हर’मधलं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हाय-फायच्या दुकानांत वर्षानुवर्षं वाजत आलं आहे, आणि त्यातला सुरुवातीचा खोल ठेका ऐकून कित्येकांनी स्पीकर खरेदी केले आहेत. २००६ मध्ये आलेल्या ब्लू-रेने दाबण्याची गरजच संपवली. पाच प्रवाह, २४ बिट, काहीही न गाळता, आणि दोन-अडीच तासांची मैफल एका तबकडीत. वेळ, शांतता आणि सभागृह या तिन्ही कसोट्यांना एकत्र उतरणारी तबकडी ब्लू-रे हीच. ती आली तेव्हा लोक तबकड्या घेणंच कमी करू लागले होते, ही हळहळण्यासारखी गोष्ट आहे.

घरच्या घरी दोन तबकड्यांची तुलना करायची असेल तर आधी आवाज समान करून घ्यावा. एक तबकडी दुसरीपेक्षा अर्धा डेसिबल मोठी वाजली तरी कान तिलाच जास्त चांगली ठरवतो, आणि इतका फरक आवाज मोठा आहे म्हणून कळतही नाही. फोनवरच्या मापक ॲपपेक्षा स्पीकरच्या टोकांवर व्होल्टमीटर लावणं बरं. मग एकाच मुद्रणाच्या दोन आवृत्त्या घ्याव्यात आणि त्यांचं मास्टर एकच आहे का, ते वेष्टणावर पाहावं.

बायरॉइटच्या नवव्या सिंफनीचंच घ्या. ईएमआयने ती १९५५ मध्ये, फुर्टवेंगलर यांच्या निधनानंतर, एलपीवर काढली. पुढे त्याच मुद्रणाच्या सीडी आल्या. नंतर ऑर्फेओ कंपनीने बव्हेरियन रेडिओच्या संग्रहातली फीत सीडीवर आणली, तेव्हा जाणकारांच्या लक्षात आलं की दोन्ही जागोजागी वेगळ्या आहेत. पन्नास वर्षं लोक ज्याला त्या रात्रीची मैफल समजत होते, त्यात तालमीतले तुकडे जोडले असावेत असा तर्क पुढे आला. मग स्वीडनच्या बीआयएस कंपनीला स्वीडिश रेडिओकडे त्या रात्रीच्या प्रक्षेपणाची फीत मिळाली. २०२१ मध्ये त्यांनी ती एसएसीडीवर काढली, उद्घोषणा आणि शेवटच्या टाळ्यांसकट, आवाजाच्या चढउतारांना हात न लावता. जर्मनीहून तारेवरून स्टॉकहोमला पोचलेला, एकाच प्रवाहाचा, १९५१चा आवाज. त्यासाठी एसएसीडी काय, सीडीच्या क्षमतेचाही मोठा भाग रिकामाच राहतो. तरी बायरॉइटची ती रात्र जशी घडली तशी, पहिल्या उद्घोषणेपासून, ऐकायची असेल तर आज हीच तबकडी घ्यावी लागते.